आतलं अस्तर

लाल टॅक्सी बाब सिदी अब्दुलवहाब या जुन्या वेशीच्या चौकात अडकली आणि मला माझा नवरा दिसला. एकाच गावात राहणारी माणसं एकमेकांना रस्त्यात दिसतात, त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पण लखदर नवरीचे कफ्तान भाड्याने देणाऱ्या दुकानापुढे उभा होता. काचेआड जरीचा हिरवा पायघोळ कफ्तान, शेजारी नवरीला बसवून मिरवायचं पांढरं सिंहासन, आणि बाहेर हात पाठीमागे बांधून, मान किंचित वाकडी करून साठी उलटलेला, शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर. हलत नव्हता. आमच्या मागच्या गाडीने भोंगा वाजवला, खाटकाचा हातगाडा त्याच्या पाठीला घासून गेला, तरी त्याचं लक्ष काचेतच. हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. का मिटलं ते सांगता येणार नाही. चोरून खाताना पकडलेल्या माणसाला हाक मारायला जशी जीभ रेटत नाही, तसं काहीतरी झालं असावं. शिवाय तो घरातून निघताना सांगून निघाला होता की स्टेशनाजवळच्या कॉफीच्या दुकानात मित्रांकडे जातो. स्टेशन या बाजूला नाही. उभा जन्म पोरांना दिशा शिकवल्या या माणसाने, तो वाट चुकलेला नव्हता. टॅक्सी सुटली. मी मागच्या काचेतून पाहत राहिले आणि तो लहान होत गेला, पण जागचा हलला नाही.

विद्यापीठात पोचले तर हसना माझ्या दाराशीच उभी. हसना माझी विद्यार्थिनी, प्रबंधाच्या शेवटच्या वर्षाला आलेली, गुणी आणि भयंकर नीटनेटकी. "उस्तादा, ही ऐकतच नाही हो," ती म्हणाली. "कोण ऐकत नाही?" "माझी कडी. काल एक, आज एक, दोन्ही तशाच. आवळून बसतात त्या बसतात." माझा धंदा हाच आहे. उंदराच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी काढायची, तिच्या बांगडीसारख्या बारीक कड्या कापायच्या, एकेक कडी दोन आकड्यांना अडकवून कोमट खाऱ्या पाण्यात सोडायची, खालून प्राणवायूचे बुडबुडे. मग एक औषध देऊन ती आवळायची आणि दुसरं देऊन ती सैल होते का ते पडद्यावर बघत बसायचं. रेघ वर चढते, रेघ खाली उतरते. ती खाली उतरणारी रेघ बघण्यात माझं तारुण्य गेलं, आणि खरं सांगते, मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. सासू म्हणायची, "लोकांच्या सुना पोरं खेळवतात, आमची उंदराची नळी खेळवते." तिचंही खोटं नव्हतं.

हसनाच्या पडद्यावर रेघ वर चढून तिथेच ठाण मांडून बसली होती. "सैल करायचं औषध दिलं?" "दिलं." "मग?" "मग मला वाटलं, कच्चा माल कमी पडत असेल. म्हणून आर्जिनिन दिलं. मग दुप्पट दिलं. अजून ओतू का?" तिचा विचार पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. रक्तवाहिनीच्या आत पेशींचं एक पातळ अस्तर असतं, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. अन्नातून आलेलं आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल या अस्तरातल्या पेशी घेतात आणि त्यातून चिमूटभर वायू बनवतात, नायट्रिक ऑक्साइड. तो काही सेकंदच जगतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सांगतो की बाबा रे, सोड आता. स्नायू सोडतो, नळी रुंदावते, रक्त वाहतं. सगळा खेळ एवढाच. आमचं सैल करायचं औषधही या अस्तरालाच हाक मारतं. मी हसनाच्या पडद्याकडे न बघता तिच्या हातांकडे बघितलं. लालसर, घासलेले, नखं बारीक कापलेली. "कडी धुतलीस कशी?" मी विचारलं. ती म्हणाली, "स्वच्छच धुतली, उस्तादा! आत रक्त राहिलं होतं, ते चिमट्याच्या टोकाने नीट पुसून काढलं. ईदला आतडी करतो तशी."

मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून माणूस डोकावला. आमच्याकडे मोठ्या ईदला बकरा कापला की पुरुष हात धुऊन मोकळे होतात आणि खरी ईद बायकांची सुरू होते. आतडी उलटी करायची, मीठ-लिंबू चोळायचं, बोटांनी खरवडायचं, वास जाईपर्यंत, आतली बाजू पांढरीफटक होईपर्यंत. नव्या सुनेची परीक्षा तीच. माझ्या सासूने माझ्या पहिल्या ईदला माझं पातेलं उजेडाशी नेऊन पाहिलं होतं आणि सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पोरगी शिकलेली आहे, पण घासते बरी." तेव्हा लखदर अंगणात कातडं ओढत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि इतक्या अभिमानाने हसला की जणू मीच तो बकरा निर्माण केला होता. पुढे राजधानीत, राबातला शिकायला गेले तेव्हा पहिली कडी मीही अशीच घासून काढली होती. जगात कुठेही विद्यार्थी कडी खराब करतात, पण इतक्या प्रेमाने, इतकी आतून पांढरी करून फक्त आमच्याच पोरी करतात. "अगं वेडे," मी हसनाला म्हटलं, "तू घाण नाही काढलीस, अस्तर काढलंस. आता कितीही आर्जिनिन ओत, घेणारं कोण आहे तिथे?" तिचा चेहरा पडला. मी तिच्या भांड्यात तो वायू थेट सोडणारं औषध टाकलं, आणि रेघ लगेच, शहाण्या पोरीसारखी, खाली उतरली. "बघ. स्नायू बिचारा चांगलाच आहे. त्याला सैल होता येतं. सांगणारं कुणी उरलं नाही, एवढंच." हसना हसली, मीही हसले, आणि मग माझं मन पुन्हा त्या हिरव्या कफ्तानापाशी जाऊन उभं राहिलं.

दुपारी लल्ला ज़ुलिखाचा फोन आला. ज़ुलिखा लखदरची थोरली बहीण, लल्ला म्हणजे ताई; तिच्या नजरेतून गावातलं कुत्रंसुद्धा सुटत नाही. "मिमूना, बस आधी. बसलीस का? माझा भाऊ काय करतोय तुला माहीत आहे का?" "काय करतायत?" "रोज, अगं रोज नवरीच्या दुकानापुढे उभा राहतो! माझ्या मुलीने पाहिलं, शेजारणीने पाहिलं. दुकानवालीने त्याला एकदा आत ये म्हटलं तर पळाला. या वयात पुरुषाला काय सुचेल सांगता येत नाही. तू रात्रंदिवस उंदरांत!" मी म्हटलं, "लल्ला ज़ुलिखा, दुसरं लग्न करायला कोर्टात माझी सही लागते. अजून तरी कुणी मागितली नाही." "हसण्यावारी नेऊ नकोस. आग लागल्यावर विहीर खणणार का तू?" मी हसण्यावारीच नेलं, फोन ठेवला, आणि लक्षात आलं की माझी बोटं गार पडली आहेत. भीतीने वाहिन्या आवळतात. हे मी पोरांना दरवर्षी शिकवते. शिकवलेलं अंगावर आलं की वेगळंच वाटतं. मला राग नव्हता आला, भीती वाटत होती, आणि ती दुसऱ्या बाईची नव्हती. आम्ही दोघं गेली कित्येक वर्षं एकमेकांना काय काय सांगितलेलं नाही, याची वाटत होती. मुलगी परदेशी, लीलला गेली तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि भांडण असं कधीच नाही. ज़ुलिखा याला सुख म्हणते. लखदरच्या आत काय चाललंय हे विचारायला मी शेवटची कधी थांबले होते, ते मला आठवेना.

घरी लवकर गेले. तो नव्हता. आणि मग संशयी बायका जे करतात तेच मी केलं, त्याचं कपाट उघडलं. शर्ट, जुने नकाशे गुंडाळून ठेवलेले, बलगा नावाची उन्हाळ्यातली चामडी सपाता, आणि नकाशांच्या मागे एक मोठा काळा डबा. डब्यावर तेल चोपडलेला एक पैलवान, दंड असे फुगलेले की मान दिसत नव्हती. पोरं व्यायामशाळेत जाऊन पितात ती पावडर. ती माझ्या लखदरला कशाला, जो लोणच्याच्या बाटलीचं झाकण मला उघडायला देतो! मी मोठ्याने हसले. मग पैलवानाच्या पोटाखालची ओळ वाचली. एल-आर्जिनिन. मी पलंगाच्या कडेला बसले.

संध्याकाळच्या जेवणानंतर हा माणूस संत्रं सोलतो. साल न तोडता एका लांब पट्टीत सोलतो, फोडी माझ्या ताटलीत ठेवतो, आणि मी बोलत असते. कड्या, वायू, अस्तर, आर्जिनिन, कुणाचा शोधनिबंध परत आला, कुणाचा उंदीर मेला. तो हं हं करतो. मला वाटायचं घरात रेडिओ लावून ठेवावा तसा तो मला लावून ठेवतो. आणि आता हा डबा, अर्ध्याहून जास्त संपलेला. म्हणजे तो ऐकत होता. एकेक शब्द ऐकत होता आणि त्यातला त्याला हवा तो उचलून, नाव अचूक लक्षात ठेवून, बाजारात जाऊन त्या पैलवानासमोर उभा राहिला होता. कशासाठी? आणि मग काच, ती मान, ते न हलणं, एकदम सगळं एका जागी आलं, आणि मला माझीच लाज वाटली. पायांच्या वाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला चालताना पोटरीत कळ येते. थांबलं की जाते. चारचौघांत उगाच थांबलेलं दिसू नये म्हणून तो दुकानांच्या काचांपुढे उभा राहतो. जर्मन डॉक्टर तर या दुखण्याला काचा बघण्याचं दुखणंच म्हणतात. मी हे पोरांना सांगते, पोरं हसतात. लखदरने ऐन उमेदीत सिगारेटी ओढल्या, वर्गातून वर्गात जाताना ओढल्या, नंतर सोडल्या, पण अस्तराने ते लक्षात ठेवलं असणार. किती चाललं की कुठल्या वळणावर कळ येते, हे त्याने मोजलं असेल. तिथे कुठली काच येते ते बघून रस्ता आखला असेल. नकाशेवालाच तो. औषधाच्या दुकानाची काच मात्र टाळली असेल, कारण औषधवाला माझ्या ओळखीचा. नवरीच्या दुकानाने काय बोभाटा होईल हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नसेल.

आणि ज्याच्या पायातली वाहिनी अरुंद असते त्याच्या हृदयातलीही बहुधा धड नसते. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. तो खिडकीशी बसून चमच्याने तो पांढरा भुगा ताकात ढवळत असेल, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, आणि माझा शब्द अर्धा होता. कच्चा माल बहुतेकांना कमी पडतच नाही. रोजच्या डाळी-मांसातून पुरेसा मिळतो. कमी पडतं ते घेणारं अस्तर. अशाच रोग्यांवर झालेल्या एका चाचणीत महिनोन्महिने आर्जिनिन घेणाऱ्यांचं चालणं न घेणाऱ्यांइतकंही सुधारलं नव्हतं. तो निबंध मी वाचला होता आणि त्या दिवशी जेवताना त्याच्याबद्दल बोललेही नव्हते, कारण अपयशाच्या गोष्टी मी घरी आणत नाही. डबा मी होता तिथे ठेवला. विचारलं तर तो हसून उडवेल, नाकबूल करेल, आणि एकदा नाकबूल केलं की मग शब्द मागे घेणार नाही, इतकं मी त्याला ओळखते. मला त्याला पकडायचं नव्हतं. त्याने स्वतःहून सांगायला हवं होतं. नाहीतर मी त्याला डॉक्टरकडे ओढून नेलं असतं आणि तो तिथेही, पाय वर करून बसलेला, "मला काही नाही हो" म्हणाला असता.

जेवणानंतर त्याने संत्रं घेतलं. मी हसनाची गोष्ट सांगितली, ईदची आतडी, घासलेली कडी. तो खो खो हसला. "आईने पाहिली असती तर तिला सून करून घेतलं असतं!" मग साल अर्ध्यावर असताना त्याचा हात थांबला. "म्हणजे कितीही आर्जिनिन ओतलं तरी नाही?" शब्द त्याने माझ्यासारखाच उच्चारला, जराही न अडखळता. "नाही," मी म्हटलं. "अजिबात?" "घेणारं अस्तर खराब असलं की ओतून उपयोग नसतो. आमची सगळ्यांची समजूत होती की माल वाढवला की काम होईल. मीही तसंच बोलायचे. चूक होती ती." तो संत्र्याकडे बघत राहिला. "आणि अस्तर परत येतं का?" किती हळू विचारलं त्याने! मी माझा आवाज वर्गातल्यासारखा ठेवला. "भांड्यातल्या कडीचं नाही येत. जिवंत असेल त्याचं सुधारतं, बरंचसं. अस्तरावरून रक्त जोरात वाहिलं की ते पुन्हा कामाला लागतं. त्यासाठी चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं उतरलं की पुन्हा चालायचं." "दुखेपर्यंत?" "हो. आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली." त्याने साल पूर्ण काढली आणि पट्टी ताटलीत ठेवली. "मग सांग त्या उंदराला," तो म्हणाला. "म्हणावं, बाबा, फिरायला जात जा." आणि उठून टीव्ही लावला. मी फोडी खाल्ल्या. गोड होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. चहा घेताना मी म्हटलं, "आज मीही येते फिरायला." "तू?" "का, मला पाय नाहीत?" "तुला उन्हाचा त्रास होतो." "ढग आलेत." त्याने खिडकीतून वर पाहिलं, आकाश खरंच भरलेलं होतं, त्याला बोलायला जागा उरली नाही. खाली उतरल्यावर तो सवयीने बाजाराच्या बाजूला वळला. मी त्याच्या पायघोळ जेलाबाची बाही धरली. "तिकडून नको. मालधक्क्याकडून जाऊ." "तिकडे बघायला काय आहे? नुसती भिंत." "भिंतच." त्याने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

रेल्वेच्या मालधक्क्याची ती भिंत लांबच लांब आहे. एक दार नाही, एक दुकान नाही, पोस्टर चिकटवायलाही कुणाला तिथे जावंसं वाटत नाही. सुरुवातीला तो चांगला चालला, माझ्याहून पुढे. मग बोलायला लागला. ही भिंत कधी बांधली, पलीकडे खनिज कुठून यायचं, अल्जीरियाची सरहद्द उघडी होती तेव्हा गाड्या कशा जायच्या. बोलता बोलता चाल मंद करता येते. मी हं हं केलं. मग तो वाकला. "अगं, नाडी सुटली वाटतं." त्याच्या पायात बलगा होती. बलगेला नाडी नसते. त्याचं त्यालाच कळलं, तो तसाच वाकलेला राहिला, आणि मग सरळ झाला. पुढे चार पावलं टाकली, उजवा पाय जरा ओढत. अंगाला घाम फुटला होता, माझ्या, त्याच्या नाही. इथे काही टाकायचं नाही, ढवळायचं नाही, हे मी स्वतःला सांगत होते. तो खोटं बोलला तर मी काय करणार होते, मला ठाऊक नव्हतं. समोरून एक म्हातारा गाढवावरून गेला, सलाम केला, आम्ही दोघांनी उत्तर दिलं.

लखदर थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भिंत.

"मिमूना," तो म्हणाला. "दुखतंय."

"कुठे?"

"पोटरीत. उजव्या. हिवाळ्यापासून." मग पोटरी दाबत, "तुला सांगणार होतो."

"भिंतीला टेक. छातीत?"

त्याने पाठ भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "एकदा. जिना चढताना. तू दळण आणायला गेली होतीस."

"उद्या डॉक्टरकडे जायचं. दोघांनी."

"बरं." इतकं सरळ बरं तो आयुष्यात म्हणाला नव्हता. "कपाटात एक पैलवानाची पावडर आहे, तिचं काय करू? भारी महाग आहे."

"ज़ुलिखाच्या पोराला दे. आणि तिला सांग की नवरी मिळाली नाही."

"कुठली नवरी?" त्याला खरंच काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो भिंतीला टेकून इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. त्याने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "मला वाटलं, तुझीच विद्या आहे, मी गुपचूप बरा होईन. तुला आणखी एक उंदीर कशाला?"

मी त्याचा हात हातात घेतला. गार होता. आम्ही रस्त्यात हात धरणारी माणसं नाही, या गावात आमच्या वयाचं कुणी धरत नाही. तेव्हा एक शब्द जरी बोलले असते तर त्या भिंतीपाशी गळा काढला असता. थोड्या वेळाने त्याने पाय टेकवून पाहिला, मग दुसरा, मग पुन्हा उजवा.

"उतरलं," तो म्हणाला. "चल."

"थांब जरा," मी म्हटलं. "मला वेळ लागतोय."

तो थांबला. आणि तिथे दुसरं बघण्यासारखं काहीच नसल्यामुळे, माझ्याकडे बघत उभा राहिला.